शिळं पाणी

कौसामावशी कामावर आली की कुणाला रामराम नाही, काही नाही. चपला दाराबाहेर काढायची, पदर खोचायची आणि थेट खोल्यांमधून फिरायची. ज्या खाटेजवळ ऑक्सिजनचा सिलिंडर उभा असेल तिथं थांबायची. सिलिंडरच्या गळ्याशी पाण्याची एक छोटी बाटली असते. कोरडा ऑक्सिजन तिच्यातून बुडबुडत, ओलसर होऊन पेशंटच्या नाकात जातो. मावशी स्वतःजवळची धुतलेली बाटली तिथं लावायची, जुनी काढून खिडकीच्या उजेडात धरायची आणि मग चक्क नाक लावून तिचा वास घ्यायची. नातेवाईक तोंडाला पदर लावून हसायचे. मीही हसले होते, खोटं कशाला बोलू?

ही अंबडची गोष्ट, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. दहा खाटांचं नर्सिंग होम, एक डॉक्टर, आम्ही दोघी सिस्टर आणि झाडण्यापुसण्यापासून सगळं बघणारी मावशी. मी औरंगाबादहून नर्सिंगचा कोर्स करून नुकतीच आले होते आणि माझं नाक तेव्हा जरा वरच होतं. पहिल्याच दिवशी एका बाटलीतलं पाणी कमी दिसलं म्हणून मी वरून थोडं ओतलं. मागून आवाज आला, "सिस्टर, तुमच्या घरी शिळ्या भातावर ताजा भात वाढतेत का?"

मला राग आला. का येऊ नये? कोर्स मी केलेला, आणि मला शिकवणार कोण, तर पगाराच्या दिवशी अंगठा उठवणारी बाई! मी म्हटलं, "मावशी, नुसतं पाणीच आहे ते."

"पाणीच हाये, म्हणून तर म्हणून राह्यले. दूध असतं तर नासलेलं तुम्हाला दिसलं असतं."

मग तिनं मला सगळं करून दाखवलं. बाटली रोज रिकामी करायची, साबणानं घासायची, उकळलेल्या पाण्यानं विसळायची, स्वच्छ फडक्यावर पालथी घालायची. पूर्ण सुकली की उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या रेघेपर्यंत भरायचं, रेघेच्या वर थेंब नाही. एकाची नळी दुसऱ्याच्या नाकाला बिलकुल लावायची नाही. मास्क स्टीलच्या डब्यात झाकून ठेवायचे. उन्हाळ्यात अंबडला टँकरवर दिवस काढावे लागत. माणसं अंघोळीला मुकत, पण मावशीचं उकळलेल्या पाण्याचं पातेलं कधी रिकामं नसे. त्याला कुणी पेला लावला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. एकदा खुद्द डॉक्टरांनी चहासाठी त्यातलं पाणी मागितलं, तर म्हणाली, "साहेब, चहा न्हाई पिला तर तुम्ही मरत न्हाईत." डॉक्टर बिचारे हॉटेलातून चहा मागवून प्यायले.

मी एकदा कंटाळून विचारलं होतं, "मावशी, एवढं काय हो त्या बाटलीचं?" ती म्हणाली, "पोरी, कडू घास माणूस थुकून टाकतो. नाकातल्या नळीतून काय येतंय ते त्याला थुकता येत न्हाई. नळी लागली की माणूस आपल्या हवाली झालं."

तिची एक सवय मात्र मला सहन व्हायची नाही. पेशंट दगावला, बायामाणसांनी हंबरडा फोडला की मावशी पहिल्यांदा काय करायची, तर बाटली सोडवून मोरीवर धुवायला घेऊन जायची. अजून डोळे मिटवलेले नसत! काय दगडाची बाई आहे, असं मी मनात म्हणायचे. एकदा बोललेसुद्धा. ती म्हणाली, "रडायला मागून येळ हाये. बाटली तशीच ऱ्हायली तर पुढच्याला तीच लागंल." मला ते काही पटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात शहागडकडची शोभा आली. वीस वर्षांची, तीन आठवड्यांची बाळंतीण. न्यूमोनियानं छाती भरलेली, ओठ निळे. लेकरू घरी नणदेपाशी होतं आणि इकडे हिचं दूध दाटून अंगावरचं लुगडं भिजायचं. सोबत आई आणि मामा. चौथ्या दिवशी तिनं दोन चमचे पेज घेतली आणि "बाळ दूध पितंय का वरचं?" असं विचारलं. आईनं माझे दोन्ही हात धरले. मलाही वाटलं, पोरगी वाचली.

त्याच दिवशी मावशी भाचीच्या लग्नाला जीपनं घनसावंगीला गेली. जाताना मला चारदा बजावून गेली. मी म्हटलं, "जा हो, मी काय अडाणी आहे का?"

दुपारी शोभाचा मामा गावाकडून तांब्याच्या गडूत गंगा घेऊन आला. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. शोभाची आई मला म्हणाली, "सिस्टर, तोंडात घातलं तर तिला ठसका लागतो. ह्या बाटलीतून जाऊ द्या. गंगाच आत जाऊ द्या, माझी लेक उठून बसंल."

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण त्या बाईच्या डोळ्यांकडे बघून माझी जीभ उचलेना. उन्हाळ्यात गंगेला धार नव्हती, डोहात साचलेलं पाणी होतं ते. मला हे सगळं कळत होतं. मी एवढंच म्हटलं, "थोडंच घाला." आणि दुसऱ्या दिवशीही तिनं गडू उचलला तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत गेले. बाटली मी धुतली नाही. गंगा मोरीत ओतली म्हणून तमाशा होईल, याची मला भीती वाटली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली. शोभाला रात्रीपासून सणकून ताप होता. मावशीनं बाटली काढली, उजेडात धरली. तळाशी मातकट साका बसला होता. तिनं वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. सरळ मोरीवर जाऊन तिनं ते पाणी ओतून दिलं.

शोभाची आई किंचाळली. मामा धावत आला. "गंगा ओतली? तुझ्यासारखीनं गंगेला हात लावावा? कोण तू?" मावशी बौद्धवाड्यातली. मामाला काय म्हणायचंय ते खोलीत सगळ्यांना कळलं. 'पाणी माझ्या परवानगीनं घातलं, चूक माझी आहे' असं मी तेव्हा म्हणायला हवं होतं. मी पेशंटच्या कागदावर डोळे लावून बसले.

मावशीनं मामाकडे पाठ फिरवली. ती शोभाच्या आईपुढे उकिडवी बसली. "आक्का, माझा मालक जिनिंगवर कामाला होता. कापसाचा भुस्सा खाऊन खाऊन त्याची छाती गेल्ती. दवाखान्यात त्याला अशीच बाटली लावल्ती. तिच्यात हिरवं हिरवं झाल्तं. मी आठ दिवस समोर बसून बघत ऱ्हायले. मला वाटलं, औषध हाये. मी तर त्या बाटलीला रोज हात जोडायची, आक्का."

आईच्या हातातला गडू खाली गेला. मावशीनं तिच्यासमोर धुतलेली बाटली लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शोभा गेली. डॉक्टर म्हणाले, आणलंच उशिरा, दोन्ही फुफ्फुसं भरली होती. असेल तसंच. मावशी बाटली सोडवून मोरीवर गेली, तशी मी तिच्या मागं गेले. मी विचारलं, "मावशी, खरं सांगा, माझ्यामुळं गेली का हो ती?"

ती बाटली घासत राहिली. तिनं 'नाही' म्हणावं म्हणून माझा जीव कासावीस झाला होता. एक खोटं 'नाही' तिनं दिलं असतं तर मी आयुष्यभर तिचे पाय धुतले असते. बाटली विसळून झाल्यावर ती म्हणाली, "मला न्हाई सांगता येत. माझ्या मालकाचं बी मला आजपस्तोर सांगता आलं न्हाई. म्हणून तर धुते, पोरी." आणि तिनं बाटली माझ्या हातात दिली.

पुढं मला जालन्यात सरकारी नोकरी लागली. शोभाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील तेव्हा. एक दिवस मावशीच्या सुनेचा फोन आला, मावशीला जालन्यातल्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलंय म्हणून. मी पोचले तेव्हा मावशी खाटेवर निम्मी झाली होती. नाकात नळी होती आणि बोलवत नव्हतं. मला तिनं ओळखलं. लगेच तिची नजर माझ्यावरून सिलिंडरकडे गेली आणि तिथंच थांबली.

मी बाटलीला नाक लावलं. कुबट वास होता. तिथली सिस्टर म्हणाली, "मॅडम, सकाळीच पाणी टाकलंय वरून." माझा हात उठणार होता, पण अशीच एक सिस्टर मी ओळखत होते. तेवढ्या वेळापुरती नळी सरळ सिलिंडरला जोडायला लावली. बाटली घासली, पाणी उकळायला लावलं, गार केलं, रेघेपर्यंत भरलं. बुडबुडे सुरू झाले तेव्हा मावशीनं डोळे मिटले. सून म्हणाली, दोन दिवसांत पहिल्यांदाच शांत झोपल्यात.

मला वाटलं, आता वाचेल. शोभाच्या वेळीही मला असंच वाटलं होतं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मावशी गेली.

सून खाटेच्या कडेवर डोकं आपटून रडायला लागली. मी उठले आणि बाटली सोडवली. ती हुंदके देत म्हणाली, "आता कशाला हो ताई? सोडा ना ती." मी मोरीवर जाऊन साबण लावून बाटली दोनदा घासली, उरलेल्या उकळलेल्या पाण्यानं विसळली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मग नाक लावलं. कसलाच वास येत नव्हता. ती फडक्यावर पालथी घातली आणि मग रडायला बसले.