चोवीस तासांचा फ्रिज

माझे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, औशाचे. लातूरच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या नातवाच्या बारशाला, भरल्या मांडवात उभं राहून त्यांनी सांगितलं की आपलं गणित चुकलं. ते चुकलेलं नव्हतं. एवढं साधं वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

रिटायर झाल्यावर मी नांदेडात एक जुनी स्कूल व्हॅन विकत घेतली होती. मागच्या सीटा काढून झोपायची सोय केली, गॅसची शेगडी बसवली आणि घरातला जुना छोटा फ्रिज आत ठेवला. फ्रिज चालायचा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर. इंजिनावर ती बॅटरी चार्ज व्हायची नाही, घरीच भरून घ्यावी लागे. पण मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की माझा फ्रिज बॅटरीवर चोवीस तास आरामात चालतो. हे खरं की खोटं, ते मलाही माहीत नव्हतं. कधी मोजलंच नव्हतं.

बारशासाठी खरवस करायचा होता. हिमायतनगरजवळच्या आमच्या शेतावर गाय नुकतीच व्यालेली. चीक न्यायला साडू स्वतः आले. उन्हाळ्याचे दिवस. संध्याकाळी सहाला चिकाची बरणी फ्रिजमध्ये ठेवली तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढलं.

"साडूभाऊ, हा फ्रिज पंधरा तास चालंल. उद्या नऊला राम म्हणंल."

"उद्या संध्याकाळी सहाला औशात तुमच्या हातात गार बरणी देतो."

"दिली तर मांडवात उभा राहून सांगंन की माझं गणित चुकलं. नाही दिली तर तुम्ही सांगा, मी थापा मारतो."

बायको चीक गाळत होती. ती म्हणाली, "दोघं बी सांगा अन् मोकळे व्हा."

व्हॅनने आम्ही तिघं निघालो आणि रात्री नांदेडच्या अलीकडे एका ओळखीच्या मळ्यात मुक्काम केला. सकाळी निघालो. लोह्याला चहासाठी थांबलो आणि बरोबर नऊला इन्व्हर्टर टीं टीं करू लागला. साडूंनी कान टवकारले.

"रिव्हर्स हॉर्न आहे," मी म्हणालो. "शाळेच्या गाडीला असतो. मधूनच शॉर्ट होतो."

मागे जाऊन मी इन्व्हर्टर बंद केला आणि त्यावर टॉवेल टाकला. मग दार उघडल्यावर अंधार दिसून शंका यायला नको म्हणून फ्रिजमधला बल्ब काढून खिशात घातला. साडूंनी बघितलंच.

"करंट वाचवून राहिलो," मी म्हणालो.

"हे हुशारीचं केलं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

आता गारवा आणायचा कुठून? लोह्याबाहेर एक रसवंती दिसली. लघवीचं निमित्त करून उतरलो.

"काका, नुसता बर्फ भेटत न्हाई," रसवंतीवाला म्हणाला. "रस घ्या, मग बर्फ."

दोन ग्लास उसाचा रस प्यालो, बर्फाचा मोठा तुकडा पिशवीत घेतला, मागच्या दाराने फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सरकवला. अहमदपूरला पुन्हा तेच. तिथला रसवंतीवाला जास्त कडक होता, तीन ग्लास पाजले. त्यानंतर लघवीचं निमित्त काढायची गरजच उरली नाही. दर वीस मिनिटांनी खरोखरच थांबावं लागे. साडू गंभीर झाले.

"साडूभाऊ, कधीपासून होऊन राहिलं हे?"

"काय?"

"हे सारखं उतरणं. आमच्याकडं हिची शुगर अशीच निघाली होती. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायचं. मी येतो सोबत."

चाकूरला पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं. ते ओतताना बायकोने पाहिलं. फुलं आणते म्हणून उतरली आणि कोल्ड्रिंकच्या दुकानातून स्टीलचा मोठा डबा भरून बर्फ घेऊन आली.

"माझ्या माहेरच्यांसमोर तुमची मान खाली जायला नको," ती हळूच म्हणाली. "पण तुमच्यासारखा माणूस मी नाही पाहिला."

लातूरला बारशाची खरेदी उरकली, सहाला औसा. साडूंनी बरणीला हात लावला, कपाळाला लावून पाहिली. गार. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन ते रक्त तपासायला गेले, शुगर निघाली नाही म्हणून माझ्यापेक्षा जास्त खूश झाले, आणि दुपारी मांडवात उभे राहिले. लोक हसले. मीही हसलो. खरवस दोनदा घेतला.

पुढे कळलं की त्यांनी गणितं सांगणं सोडलं. बोअरला मोटर केवढी, घराला इन्व्हर्टर केवढा, हे विचारायला सगळी गल्ली त्यांच्याकडे येई. ते आता म्हणत, नांदेडला साडूभाऊंना विचारा. मला फोन येऊ लागले. मी बेधडक सांगत गेलो.

गेल्या महिन्यात ते घरी आले. हातात वही. "चूक सापडली," म्हणाले. "रात्री बाहेर गारवा असतो, ते मी धरलंच नव्हतं. आता तुमची गाडी द्या. हिला घेऊन आठ दिवस फिरून येतो. हिचं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचं, चोवीस तासांनी एकदा बॅटरी भरून घ्यायची."

टायर खराब आहे, म्हणालो. बदलू, म्हणाले. कागदपत्रांची मुदत संपली, म्हणालो. करून आणतो, म्हणाले. इन्सुलिन खराब झालं असतं आणि ते तसंच टोचत राहिले असते, माझ्या शब्दावर. मग मी त्यांना खाली बसवलं आणि लोह्यापासून सगळं सांगितलं. टॉवेल, बल्ब, दोन्ही रसवंत्या. बायकोचं नाव तेवढं घेतलं नाही.

वाटलं, उठून जातील. पण त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं.

"तुकडे केवढाले होते?"

"दोन्ही मिळून पाचेक किलो."

त्यांनी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. चेहरा हळूहळू खुलत गेला. सहा वर्षांनी मी तो माणूस पाहत होतो.

"नाही भागत," ते म्हणाले. "एवढ्या बर्फात दुपारी तीनला चीक नासायला पाहिजे. अजून तीन-चार किलो बर्फ कुठून तरी आला आहे. आणि त्या दिवशी गाडीतून फक्त तिघंच उतरत होते." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "ताई, जरा बाहेर येता का?"