गोळ्या एकीपुरत्याच होत्या

गोळ्या एकीपुरत्याच होत्या आणि पोरी दोन. लढाईचे दिवस. सांगलीच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, म्हणजे डॉक्टर लिहून देतील ते औषध तयार करून खिडकीतून द्यायचं. न्यूमोनियावर सल्फाच्या गोळ्या नव्याने आल्या होत्या, पण माल सगळा लष्कराकडे जायचा. आमच्या वाट्याला उरलंसुरलं.

बिरा धनगर मेंढरं घेऊन जतकडून आला होता, मुक्काम नदीकाठी. दोन्ही लेकींना न्यूमोनिया. दवाखान्यात एकही कॉट रिकामी नव्हती.

पोरींना तपासून डॉक्टर आत आले. म्हणाले, "सगळा कोर्स धाकटीला."

"आणि थोरली?"

"तिला मिक्श्चर. ती हाताबाहेर गेलीय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मेडिकलला जायचंय ना तुला? हे रोज करावं लागेल."

पुण्याच्या मेडिकल स्कूलमध्ये मला जागा मिळाली होती. वडील फौजेतले जुने हवालदार, पोरगा डॉक्टर होणार म्हणून गावभर सांगत सुटलेले. माझा ओढा मात्र फार्मसीकडे. वजनमाप बरोबर असलं की माणसाला सुखाची झोप लागते, असा माझा समज.

बिराला खिडकीशी बोलावलं. गोळ्या धाकटीलाच द्यायच्या, मोडायच्या नाहीत, चुकवायच्या नाहीत, सगळं दोनदा सांगितलं. या औषधाचा अर्धा डोस म्हणजे ओढ्याला अर्धा बांध, पाणी अडतच नाही. तो नुसती मान हलवत राहिला.

आठवडा सरायच्या आत एकटाच परत आला.

"थोरली गेली," म्हणाला. "मागनं धाकटीबी गेली."

"गोळ्या दिल्या होत्यास ना?"

"दोघींस्नी निम्म्या निम्म्या दिल्या. पोटच्या लेकीत दुजाभाव कसा करू, आवं?"

त्या दिवशी मी रडलो, सरळ सांगतो. डॉक्टर पुढचा पेशंट तपासत राहिले, त्याचा संताप आला. त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं, तेही सुचेना. वडिलांना कळवून टाकलं, मेडिकलला जात नाही. त्यांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं.

मी फार्मसी केली. कुणाला जगवायचं हे ठरवणं तरी टळलं, असं वाटलं होतं. टळतंय कसलं डोंबलाचं! डॉक्टर औषध एका रोग्याला लिहितो, पण घरी पोचल्यावर ते सगळ्या घराचं होतं. पुढे साताऱ्यात दुकान काढलं. गोळ्या मुबलक मिळू लागल्या, तरी पुडी देण्याआधी मी विचारायचोच, घरी आणखी कोण आजारी आहे? गिऱ्हाइकं वैतागायची, तुम्हाला काय करायच्यात नसत्या चौकशा म्हणायची. उत्तर मिळेपर्यंत मी पुडी हातातून सोडत नसे.