वरच्या काकांचा डॉक्टर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका एका मेलेल्या माणसावर जीव लावणारा माणूस मी टोकियोतल्या अख्ख्या निशी-कसाईत पाहिला नाही, पुण्यात तर नाहीच नाही. नोकरी बँकेतली, पण जीव अडकलेला एका फ्रेंच डॉक्टरात. हा डॉक्टर सव्वाशे वर्षांपूर्वी इंडोचायनाच्या डोंगरांत तापकऱ्यांना कोयनेल पाजत हिंडायचा, हिंडता हिंडता नकाशे काढायचा, आणि शेवटी योकोहामात येऊन वारला. त्याचं चरित्र काका गेली अकरा वर्षं 'लिहिणार' होते. उल्लेख मात्र कायम 'आमचा डॉक्टर' असा. इमारतीत नव्यानं आलेल्या एका बाईंनी भाबडेपणानं त्याच्या दवाखान्याची वेळ विचारली. काका हळहळून म्हणाले, "वारला हो! शंभर वर्षं होतील आता." त्या बिचाऱ्या चक्क "अरेरे" म्हणाल्या.

डॉक्टरापायी काकांनाही नकाशांचं वेड. कोथिंबीर कुठे मिळते विचारावं, तर पावलं मोजून काढलेला नकाशा हातात यायचा. चढउतार, उत्तर दिशा, सगळं त्यात. फक्त दुकानाचं नाव नाही. "पोचल्यावर दिसेलच की," म्हणायचे. घरात टिपणं आणि ट्रेसिंग पेपरवर उतरवलेले नकाशे यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. कॉम्प्युटरवर घ्या म्हटलं की तोंड फिरवायचे. सगळ्याची एकच प्रत!

मोठ्या भूकंपानंतर धक्के चालूच होते. काकू पुण्याला गेलेल्या, किल्ली माझ्याकडे. एका सकाळी चांगलाच धक्का बसला. काका ऑफिसात, म्हणून मी गॅस बघायला वर गेले, तर कपाट आडवं आणि कागदांचा खच. मला पसारा बघवत नाही, हा माझा जन्माचा दोष. टिपणांचे दोन गठ्ठे बांधले, खराब होऊ नयेत म्हणून वरखाली वर्तमानपत्रं लावली. मग रद्दीचेही दोन बांधले, त्याच पांढऱ्या दोरीनं. त्या दिवशी कागदांची गाडी यायची होती. काकांचं तेवढंच काम हलकं, म्हणून रद्दी खाली नेऊन ठेवली.

दुपारी काका लवकर आले. आभार मानत त्यांनी गठ्ठा सोडला, तर आत नुसती वर्तमानपत्रं! रद्दी समजून मी टिपणंच खाली ठेवून आले होते. दोघं धावत खाली गेलो. गाडी येऊन गेली होती, सगळ्यांची रद्दी नाहीशी. काका मटकन फुटपाथवर बसले. मी वेड्यासारखी इकडेतिकडे बघत होते, आणि कचरा ठेवायच्या जागेच्या जाळीमागे दिसले आमचे दोन गठ्ठे! वर चिठ्ठी चिकटवलेली: वर्गवारी चुकली आहे, नेता येत नाही. कडेनं ट्रेसिंग पेपर बाहेर डोकावत होता आणि तो म्हणे रद्दीत चालत नाही. देवा रे! इथल्या कचऱ्याच्या नियमांना मी आयुष्यभर नावं ठेवली. त्या दिवशी मात्र त्या चिठ्ठीला हात जोडले आणि रडले.

"चुकलं हो काका," मी म्हटलं.

"अगं, इतकं नीट मला अकरा वर्षांत बांधता आलं नव्हतं," ते डोळे पुसत म्हणाले. मग हळूच, "तुला म्हणून सांगतो. गाडी गेलेली कळलं ना, तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं. आता लिहायला नको, असं. हातपाय गळाले ते नंतर."

त्याच दुपारी ते लिहायला बसले. दोन वर्षांनी पुस्तक छापून आलं. आम्ही पेढे वाटले, फोटो काढले. संध्याकाळी काका एकटेच खाली आले आणि आमच्या टेबलाशी नुसते बसून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गं. घर रिकामं रिकामं वाटतंय."

काकू तर वरच होत्या. मी त्यांनाही बोलावून घेतलं आणि दोघांना जेवायला बसवलं.