दाईला आत घेतलं तेव्हा

दाराशी आली की ती आधी तळहात एकमेकांवर चोळायची. "गार हात लागला की पोटातलं लेकरू दचकतं," म्हणायची. कळवणच्या पुढच्या पाड्यांवर मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा तिथली निम्मी माणसं या दाईच्या हातांवर जन्मलेली होती.

मी नाशिकच्या इंदिरानगरची, नवी आणि उत्साही. सारखी सांगायचे, "आजी, बाळंतपणं दवाखान्यात होऊ द्या." ती कोरा चहा पुढे करायची. "तुझं बराबर हाय, सिस्टर." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, मान डोलावतात आणि जागची हलत नाहीत. एकदा मी चिडून बोलले, "उद्या काही झालं तर जबाबदार तुम्ही!" त्यानंतर पंधरा दिवस चहा बंद.

मग तिच्या शेजारणीच्या सुनेचे दिवस भरत आले. बाळ पायाळू होतं. मला तपासताना कळलं. आजीला आधीच कळलं होतं, तरी ती दवाखान्याचं नाव काढत नव्हती. त्या दिवशी मी समजावायचं सोडलं आणि विचारलं, "आजी, दवाखान्याचं एवढं काय खुपतं तुम्हाला?"

चुलीतली राख सारखी करत ती म्हणाली, "एकीला नेलं व्हतं मागं. दारातच बोलले, म्हातारे, भाईर बस. आतून ती मलाच हाका मारत व्हती. जगली का गेली, ते बी दिसभर कुनी सांगितलं नाय."

मला माझ्या सगळ्या उपदेशाची लाज वाटली.

मी आमच्या डॉक्टरबाईंना भेटून आजीला आत घ्याल का, असं विचारलं. "हात धुऊन गाऊन घालतील ना? मग बसू देत उशाशी," त्या म्हणाल्या. निरोप ऐकून आजी एवढंच बोलली, "आत घेतील? मंग येते."

बाळ पायांनी आलं, निळसर, मग रडलं. सुनेच्या अंगावरून फार गेलं, रक्त चढवावं लागलं. आजीनं तिचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. सून शुद्धीवर येऊन बोलू लागली, तशी आजी भिंतीला टेकली आणि बसल्या जागी घोरू लागली. डॉक्टरबाई हसल्या; मला मात्र रडू फुटलं.

पुढे ती स्वतःच फोन करून दवाखान्याची गाडी बोलवायची. गेल्या वर्षी वारली. मला शेवटची दिसली ती ड्रायव्हरशेजारी बसलेली, खिडकीची कड घट्ट धरून ओरडताना:

"खड्डा बघ रे, मेल्या! मागं माझी पोर हाय!"