रोजचाच एक गिलास

बेल्लमपल्लीच्या आमच्या क्वार्टरमध्ये बाबा रोज संध्याकाळी दारू प्यायचे. खाणीतून आले की आंघोळ, मागच्या अंगणातली बाज, उकडलेले चणे आणि आईने भरून दिलेला एक गिलास. कधी झोकांडी नाही, कधी आवाज चढला नाही. पिऊन झाल्यावर माझी गणितं तपासायचे, आणि चूक हमखास सापडायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे.

माझं साक्षगंध वांकिडीला, मुलाच्या घरी ठरलं. दुकानदार माणसं, घरात दारूचं नावही न काढणारी. पण घेतली नाही तर बाबांचे हात कापत, आणि त्याच हातांनी नवरदेवाला टिळा लावायचा होता. म्हणून आम्हाला उतरायला दिलेल्या खोलीत, भर दुपारी, आईने तोच गिलास तेवढाच भरून दिला.

टिळा नवरदेवाच्या नाकावर लागला. बाबांना हसू आलं, हसता हसता तोल गेला आणि ते पानसुपारीच्या ताटातच बसले. वर तिथूनच व्याह्यांचे पाय धरून रडायला लागले. सगळ्या सोयऱ्यांसमोर आमचं नाक कापलं गेलं.

त्यांना कसंबसं खोलीत आणलं. "एकच गिलास घेतला वं माय," ते म्हणाले. "तुह्या आईले इचार."

"मीच ओतली. रोजच्याइतकीच," आई म्हणाली.

"खोटं काऊन बोलून राह्यले, बाबा?" मी ओरडले. "लाज नाही वाटत?"

पुढे मी नर्स झाले, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, ओळखीचा वास असला की शरीर आधीच कंबर कसून बसतं. परक्या जागी ते बेसावध असतं, आणि तेवढीच दारू भलतीच चढते. बाबा खरं बोलत होते.

सोयरीक मोडली नाही. व्याही मोठ्या मनाचे निघाले. लग्नाच्या दिवशी बाबांनी थेंबही घेतला नाही. "कन्यादानाले काका-काकू बसतीन," एवढंच म्हणाले, आणि कुणी आग्रह केला नाही. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ते मांडवाच्या टोकाला उभे होते. मूठ इतकी कापत होती की अक्षता त्यांच्याच पायांवर सांडत होत्या. मी नुसती हाक मारली असती तरी ते आले असते. पण ते लांब आहेत म्हणून मला हायसं वाटत होतं. आज लाज वाटते ती त्या हायसं वाटण्याची.