दोन कॅमेरे आणि आक्कांचं हसू

दोन सारख्या वस्तूंतून एक निवडायची वेळ आली, की आमच्या साडूंइतका हवालदिल होणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. भरताची वांगी आणायला पाठवलं, तर दोन ढिगांसमोर ते इतका वेळ उभे राहतात की येणारी गिऱ्हाइकं त्यांनाच भाव विचारतात. ते माझ्या मेहुणीला पाहायला आले तेव्हा थोरलीचं माझ्याशी ठरून गेलं होतं, म्हणूनच त्यांचं लग्न होऊ शकलं, असं माझी बायको म्हणते. पिंप्राळ्यात राहतात, शाळेत गणित शिकवतात, आणि फळ्यावरचं त्यांचं उत्तर कधी चुकत नाही.

अशा माणसाला डीएसएलआर कॅमेरा घ्यायची हौस आली, आणि त्यांच्या दुर्दैवाने एकाच कंपनीचे दोन कॅमेरे मनात भरले. फरक एवढाच, की एकाचा मागचा स्क्रीन बाहेर वळायचा आणि दुसरा हातात जरा भरीव लागायचा. या फरकावर साडूंनी दोन वर्षं काढली. दोन्ही कॅमेरे त्यांनी दुकानाशेजारच्या वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिले. दातांच्या डॉक्टरांकडे आ वासून बसले असताना हातवाऱ्यांनी त्यांचंही मत घेतलं. शेवटी दुकानदार म्हणाला, "सर, कोणताही घ्या. फोटो सारखेच येतात."

"तीच तर अडचण आहे," साडू म्हणाले.

असोद्याला त्यांची आई एकटी राहायची. सगळे तिला आक्का म्हणतात. धाकट्या मुलाने आक्कांना सुरतेला न्यायचं नक्की केलं. बुधवारी निघायचं आणि घराला कुलूप लागायचं. आईचा तिच्या स्वतःच्या ओट्यावरचा एक चांगला फोटो हवा, एवढंच साडूंना त्या कॅमेऱ्याकडून हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. शनिवारी त्यांचा चेहरा पाहून दुकानदाराने दोन्ही कॅमेरे त्यांच्या हवाली केले. "सोमवारी एक परत आणा," म्हणाला.

रविवारी असोद्याच्या ओट्यासमोर उजेड परतवायला पांढरी चादर धरून मी उभा. साडू प्रत्येक फोटो आधी एका कॅमेऱ्याने काढायचे, मग दुसऱ्याने. पहिल्या फोटोत आक्का कपाळापर्यंत पदर ओढून रेशनकार्डावरच्यासारख्या बसायच्या. दुसऱ्याच्या वेळी म्हणायच्या, "काबरं रे? एका फोटूत मी मावली नही का?" आणि चेहरा मोकळा व्हायचा. तासाभराने साडूंनी जाहीर केलं, की भरीव कॅमेराच सरस आहे, त्याचे सगळे फोटो जिवंत आहेत.

मेहुणी दारात लसूण सोलत बसली होती. "आता त्याने आधी काढा," ती म्हणाली.

साडूंनी क्रम उलटा केला, आणि वळत्या स्क्रीनचा कॅमेरा जिंकला. ते गोंधळून दोन्ही कॅमेऱ्यांकडे आळीपाळीने पाहायला लागले.

"अहो, पहिल्या फोटोला त्या अवघडतात, दुसऱ्याला तुम्हाला हसतात. कॅमेऱ्यांचं त्यात काय आहे?" मेहुणी म्हणाली.

यावर साडू पुटपुटत आक्कांना काहीतरी बोलले आणि त्याच क्षणी आक्का तोंड उघडून, डोळे मिटून हसल्या. त्या वेळी हातात होता भरीव कॅमेरा; त्यानेच ते हसू टिपलं. सोमवारी तोच घरी राहिला.

आक्का ठरल्याप्रमाणे गेल्या. साडूंनी तो फोटो मोठा करून सुरतेला पाठवला. आठवड्याने फोन आला. "शेजारनीले दाखोला. लय हासून राह्यली मी त्याच्यात. तू काय बोलला होता रे तव्हा?"

साडूंना आठवेना. त्यांनी कॉम्प्युटरवर फोटो उघडला. किती वाजून किती सेकंदांनी काढला, भिंगातून किती उजेड आत आला, सगळं त्यात नोंदलेलं होतं. मेहुणीने ते बोलणं ऐकलंच नव्हतं. मग ते माझ्याकडे आले. पण मी चादरीआड होतो, मलाही ऐकू आलं नव्हतं.

"काहीतरी साधंच असेल," मी म्हणालो.

"हो, साधंच," साडू म्हणाले. "पण काय?"