प्रमोदिनीबाईंचं नेट आणि शेवटची षटकं

देवासच्या प्रमोदिनीबाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही सुटलं नाही. धार, बाग, सोनकच्छ अशा मध्य प्रदेशातल्या गावांकडच्या मराठी घरांतली मुलं मराठी बोलायची, पण वाचायला घेतलं की अडखळायची. बाई त्यांना रोज संध्याकाळी ऑनलाइन वाचायला शिकवत.

हल्ली मात्र ऐन वर्गात बाईंचा चेहरा पडद्यावर थिजायचा. "मॅडम, आप फिर अटक गए!" बाग गावाहून चिऊ ओरडायची.

नेटवाल्या माणसाने फोनवर सांगितलं, "लाइन तो एकदम बढ़िया है, मॅडमजी." बाईंचा ऐकीव गोष्टींवर विश्वास नव्हता. लोखंडी कपाटामागे दडलेला राउटर त्यांनी उघड्यावर आणला. मोबाइलवर वेग मोजला. दुपारी सुसाट, संध्याकाळी रडका. मग घरातले सगळे फोन, टीव्ही बंद केले. तरी राउटरचा दिवा आपला लुकलुकतोच आहे!

बाईंनी राउटरच बंद केला. भिंतीपलीकडून आवाज आला, "अरेच्चा, गेलं!"

चालू केला. जरा वेळाने पलीकडे क्रिकेटची कॉमेंट्री घुमू लागली.

पुन्हा बंद. "हात्तिच्या!"

शेजारचे तात्यासाहेब! जुन्या सरदार घराण्यातले, मिशांना पीळ. मागे त्यांचं नेट बिघडलं तेव्हा बाईंनीच पासवर्ड दिला होता, एका दिवसापुरता.

सरळ जाऊन बोलतील तर त्या प्रमोदिनीबाई कसल्या! सामना शेवटच्या षटकांत आला की त्यांचं बोट बटणावर जायचं. अखेर तात्यासाहेबच तणतणत आले. "बाई, तुमचं नेट अगदी भिकार झालंय हो! त्या कंपनीला चांगलं खडसवा."

बाईंनी पदराआड हसू दाबलं. "खडसवते की. पण ते तुम्हाला कसं कळलं?"

तात्यासाहेबांच्या मिशा खाली आल्या.

शिक्षा तिथेच ठरली. नेट खुशाल वापरा, पण वर्गाच्या वेळी मॅच बंद; त्याऐवजी बाईंशेजारी बसून मुलांना गोष्टी सांगायच्या. तात्यासाहेबांची ती जुनी, ठसकेबाज मराठी ऐकून मुलं खूश झाली. नेटही धावू लागलं.

फक्त फायनलच्या दिवशी तात्यासाहेबांची नजर सारखी टेबलाखालच्या मोबाइलकडे जात होती.

"आजोबा, सेनापतीची वेलांटी पहिली की दुसरी?" चिऊने विचारलं.

"षटकार!" तात्यासाहेब गरजले.

सोनकच्छच्या विहंगने तेही इमानेइतबारे वहीत उतरवून घेतलं.